एकच कुदळ

आमच्या पाड्यावर मोठ्या शुक्रवारी जमिनीत लोखंड घालत नसत. गुरुवारी संध्याकाळी कुदळी, फावडी, कोयते, नांगराचे फाळ, सगळे धुऊन ओटीवर आडवे ठेवायचे, आणि शनिवारी देवळाची घंटा पुन्हा वाजेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. सुया कापडात गुंडाळून ठेवायच्या. खुंटी ठोकायची नाही. त्या दिवशी प्रभूला मातीत ठेवले आहे, मातीवर मारलेला घाव त्याच्या अंगावर पडतो आणि मारणाऱ्याच्या घरावर उलटतो, असे सासू सांगे. घरावर म्हणजे घरातल्या सर्वांत लहान जिवावर, हेही ती सांगे.

हे शुभवर्तमानात कुठे नाही. मी चारही वाचली आहेत. पाद्रीबाबांनीही कधी शिकवले नव्हते. पण पाड्यावर पाद्रीबाबा महिन्यातून एकदा येत आणि सासवा रोज असत, तेव्हा चालायचे ते सासवांचे.

मी मूळची ठाण्याची. बाप एका शाळेत स्वयंपाकी होता, म्हणून मला वाचता आले. लग्न होऊन मी खाडीकाठच्या पाड्यावर गेले. आता मी कल्याणला राहते. इथे रेल्वेच्या चाळींतून आपली बरीच कुटुंबे आहेत, आणि त्यांच्या लग्नाच्या वयाच्या मुलींना मी रविवारी दुपारी धर्मशिक्षण देते. मागे एका मुलीने विचारले की भीती वाटणे म्हणजे विश्वास कमी असणे का. प्रभू होडीत झोपला होता, वादळ आले, शिष्य घाबरले, आणि तो उठून त्यांना बोलला, हे तिने नुकतेच वाचले होते. मी म्हटले, पुढच्या रविवारी सांगते. त्या आठवड्यात मला हे सगळे पुन्हा आठवून काढावे लागले. आठवून काढण्यात मला सुख नाही. आजही उधाणाच्या दिवशी माझ्या तळपायाला ओढ लागल्यासारखे होते.

आमचा पाडा खाडीच्या पाण्यापेक्षा खाली होता. ज्याने खार जमीन पाहिलेली नाही त्याला हे खरे वाटत नाही. एका बाजूला खाडी, मध्ये मातीचा बांध, आणि बांधाच्या आत भाताची शेते, आमची घरे, कुरीस म्हणजे आमचा उघड्यावरचा क्रूस, आणि विहीर. बांध म्हणजे काही दगडी काम नव्हे. चिकणमातीचा लांबच लांब ढिगारा, वर दोन माणसे शेजारून चालतील एवढा रुंद. भरतीला पाणी बांधाला टेकायचे, ओहोटीला दूर जायचे. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला ते बांधाच्या माथ्याजवळ येई.

विहीर एकच होती. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये ही गोडी, ही देवाची कृपा असे सगळे म्हणत, आणि ते खरेच होते. ती कृपा गेली तर काय होते हे आम्हांला ठाऊक होते. आमच्या उत्तरेला एक पाडा होता. त्यांचा बांध फुटला, खाडी आत शिरली, विहीर खारट झाली. पहिले वर्षभर बायका आमच्या विहिरीवरून पाणी नेत. मग आमच्याच विहिरीचा तळ दिसू लागला आणि आमच्या बायका त्यांना बोलू लागल्या. मग एकेक घर उठले. कोणी ठाण्याला गेले, कोणी मुंबईला गिरणीत. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे लव्हाळ्यात फक्त कुरीस उभा होता. त्याच्या पायरीवर खेकडे बसलेले असत.

खेकड्यांचे सांगायलाच हवे, कारण सगळे त्यातूनच झाले.

पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, आधीचे चाळीस दिवस आम्ही मांस खात नसू. मासळी चालायची, चिंबोऱ्या चालायच्या. चिंबोरी चिखलात बीळ करून राहते. लोखंडाचा आकडा घालून ती ओढून काढतात. पहिले आठवडे माणसे खाली खाजणात, खाडीच्या उघड्या चिखलात, जात. पण सगळा पाडा रोज चिंबोऱ्या काढणार, तर खाजणातली बिळे किती पुरणार? शेवटच्या आठवड्यांत आकडे बांधाकडे वळत. बांधात बीळ उकरायचे नाही हे प्रत्येकाला ठाऊक होते, आणि प्रत्येकाला वाटे की मी एवढेच एक काढतो. चिंबोरी आत खोल गेली की कोयत्याने तोंड मोठे करत. मग वरून चिखलाचा हात फिरवत, म्हणजे दिसायला नको. त्या चिंबोऱ्यांचा रस्सा आम्ही उपासाचे अन्न म्हणून खात होतो. देखाव्याचा उपास करणाऱ्या परूशी लोकांबद्दल प्रभू काय म्हणाला ते मी मुलींना शिकवते तेव्हा मला त्या रश्श्याचा वास येतो.

आणि दुसरी गोष्ट. पास्काचा रविवार पुनवेनंतरचा असतो. म्हणजे मोठा शुक्रवार दरवर्षी उधाणाच्या आगेमागेच येतो. बांध जेव्हा सर्वांत जास्त पोखरलेला, तेव्हाच पाणी सर्वांत वर. इतक्या वर्षांत कोणाच्या डोक्यात हे आले नव्हते, माझ्याही नाही.

त्या वर्षी पुनव गुरुवारची होती. मी पहिल्या बाळाची बाळंतीण होते. चाळीस दिवस झाल्याशिवाय देवळात जायचे नाही अशी रीत, म्हणून मी मागे राहिले. सासूच्या डोळ्यांत मोती उतरला होता, उजेड आणि अंधार एवढेच तिला कळे, म्हणून तीही राहिली. बाकी सगळा पाडा, पोराबाळांसकट, सकाळीच ठाण्याच्या देवळात गेला. प्रभूला क्रुसावरून उतरवतात तो विधी दुपारचा असे, आणि तो चुकवायचा नाही म्हणून म्हातारे पाठीवर बसून जात. कुरसाजवळ आमची एक लहान घंटा होती. बांधाला काही झाले तर ती वाजवायची. पण गुरुवारपासून घंटा मुक्या असतात, आणि आमच्याकडे तर तिचा लोळा काढून देवळात नेऊन ठेवत, शनिवारी परत आणत. माणूस नाही, घंटा नाही, आणि उधाण भर दुपारचे.

मी बाळाची दुपटी वाळत घालायला मागच्या शेतात गेले. चैत्रातली जमीन, भेगा पडलेली, पांढरी. बांधाच्या पायथ्याशी मात्र एक काळा डाग दिसला, गाय बसून उठल्यावर राहतो तसा. जवळ गेले तर डागाच्या मधून पाणी येत होते. बोटाएवढी धार. मी हात लावून चाखले. खारट.

बांधाची माणसे अशा वेळी एकच पाहतात: पाणी निवळ आहे की गढूळ. निवळ असेल तर नुसते झिरपते आहे, उधाण उतरले की थांबेल. गढूळ असेल तर ते आतून बांध खात आहे. मी उकिडवी बसून पाहत राहिले. निवळ होते. मी स्वतःशी तसे मोठ्याने म्हटलेही. आणि माझ्या डोळ्यांदेखत धारेत चहासारखा रंग उतरू लागला.

मी धावत घरी आले. काय करतात ते मी पाहिलेले होते: पाण्याच्या बाजूने बिळाचे तोंड शोधायचे, त्यात पेंढ्याचा बोळा दाबायचा, आणि वरून चिकणमाती टाकून तुडवायची. मी पेंढ्याच्या दोन पेंढ्या घेतल्या आणि ओटीवरची कुदळ उचलली. कुदळ दगडाला लागून वाजली. सासू आत बाळाची झोळी हलवत बसली होती.

"लोखंड कोनी उचललं?"

मी सांगितले. बांध फुटतोय, पाणी गढूळ आहे, पेंढा नुसता टिकणार नाही, माती खणावी लागेल.

"हातानं काढ," ती म्हणाली. "कुदल ठेव. तुला पोर हाय घरात."

मी ठेवली. कोणी म्हणेल, वाचणारी बाई, चार शुभवर्तमाने पाठ, आणि ठेवली? हो, ठेवली. झोळीतून बाळाचा पाय बाहेर आला होता तो मला दिसला, आणि माझा हात आपोआप उघडला. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या, दिवशी बैल खड्ड्यात पडला तर त्याला बाहेर काढायचे की नाही हे प्रभूने विचारले आहे, आणि उत्तर काय ते मला ठाऊक होते. पण ते उत्तर मला तेव्हा आठवले नाही. भीतीत आठवते ते लहानपणी किंवा सासरी ऐकलेले, वाचलेले नाही.

मी पेंढ्या घेऊन बांधापलीकडे खाडीच्या पाण्यात उतरले. पाणी कमरेला आले. डोळ्यांनी काही दिसत नव्हते, गढूळ पाणी आणि वर तरंगणारा फेस. पायाने चाचपत गेले आणि एका ठिकाणी माझा पाय ओढला गेला. कोणी घोट्याला धरून आत घ्यावे तसा. मी ओरडले. मग पेंढीचा बोळा केला, वाकून, तोंड पाण्याबाहेर ठेवून, हाताने त्या भोकात कोंबला. भोक माझ्या अंदाजाहून पुष्कळ मोठे होते. पहिली पेंढी पाण्याने आत गिळली. दुसरी अडकली. मी तिच्यावर टाच दिली आणि सगळा भार त्या पायावर टाकला, तेव्हा ओढ कमी झाली.

आणि मग माझ्या लक्षात आले की आता मला तिथून हलता येणार नाही. टाच काढली की बोळा सुटणार. माती आणायची तर दुसरे माणूस हवे. आगरातले मीठवाले उधाणाच्या दिवशी आपापल्या उघड्यांवर, म्हणजे पाण्याच्या झडपांवर, मिठागरात पाणी घेत असतात, इथून फार लांब. मी त्यांना हाका मारल्या. वारा माझ्याच तोंडावर होता. लांब पुलावरून कल्याणकडे जाणारी गाडी गेली, तिचा धूर दिसला, आणि तीही गेली.

मी प्रार्थना केली असे नंतर लोक सांगत. मी सुरुवात केली होती. रोजच्या भाकरीपर्यंत आले की पुढचे आठवेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा भाकरीपाशी अडकायचे. पाणी छातीला लागले. बांधाच्या माथ्यावर एक वाळकी काटकी पडलेली होती. मी तिच्याकडे पाहत होते. पाणी आणि ती काटकी यांत एक वीत उरली होती. मला माझ्या मरणाची भीती वाटत नव्हती असे मी म्हणणार नाही. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. बोळा सुटून बांध फुटला तर पाणी पहिल्यांदा कुठल्या बाजूला जाईल हे मी मनात पाहत होते. उतार आमच्या घराकडे होता, आणि घराच्या मागे विहीर. घरात एक आंधळी म्हातारी आणि एक झोळी.

मी सासूला हाका मारू लागले की बाळाला घेऊन बाहेर पड, टेकाडाकडे जा. हाक पोचते की नाही कळत नव्हते.

मग ती मला बांधावर दिसली. डोक्यावर टोपली, टोपलीत बाळ, एका हाताने टोपली धरलेली, आणि दुसऱ्या हातात काठीसारखी धरलेली कुदळ. दांडा वर, लोखंड खाली. ते टेकत टेकत, बांधाची कड चाचपत ती येत होती. एक पाऊल चुकले असते तर तिघेही पाण्यात.

"कुटं हायस गो?"

"इथे. आय, तिथेच थांब. पुढे पाणी आहे."

तिने टोपली उतरवली. मला विचारले, पाणी निवळ का गढूळ. मी म्हटले, गढूळ. किती राहिले. मी म्हटले, वीतभरही नाही. कुदळीच्या पात्यावरून तिने अंगठा फिरवला, सुरी धार लावून आणली की फिरवतात तसा.

"तू पानी बघ," ती म्हणाली. "हिकडं बघू नको. तू काय पाह्यलं नाय, तू काय सांगितलं नाय. मी केलं. देवाला माजं नाव म्हाईत हाय."

आणि शेताच्या बाजूला उतरून तिने जमिनीवर कुदळ मारली. ज्या बाईने गुरुवारी माझ्या हातातली सुई काढून घेतली होती, तिने. पहिला घाव कोरडा वाजला. दुसऱ्या घावाला ती काहीतरी पुटपुटली, ते मला ऐकू आले नाही. डोळ्यांनी दिसत नसल्याने ती आधी पायाने जागा चाचपे, पाय मागे घेई आणि मग मारी. प्रत्येक वेळी मला वाटे की आता पायावर बसली.

ढेकळे निघाली, पण आणायची कशात? टोपली एकच होती. तिने बाळाला बाहेर काढले आणि आपल्या डोक्यावरचे फडके अंथरून बांधाच्या माथ्यावर ठेवले. बाळ झोपले होते. मी छातीभर पाण्यात, टाच बोळ्यावर, आणि माझ्या चेहऱ्याच्या उंचीवर, हात लांब केला तरी पोचणार नाही एवढ्या अंतरावर माझे बाळ, त्या काटकीच्या शेजारी. पाणी काटकीला लागले. काटकी हलली.

होडीत झोपलेला प्रभू मला तेव्हा आठवला असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. तो मला पुष्कळ वर्षांनी आठवला. तेव्हा मी फक्त मोजमाप करत होते: बाळ कुशीवर वळले तर कुठल्या कुशीवर वळेल.

सासू टोपली भरून बांधावर चढे, माझा आवाज ऐकून माझ्यासमोर ओती, आणि मी हातांनी ती माती पायाभोवती दाबत असे. निम्मी वाहून जाई. ती पुन्हा उतरे. मी एवढेच म्हणायची, "इथे, आय, इथे." किती टोपल्या झाल्या मला माहीत नाही. माझी टाच बधिर झाली होती. मग एकदा तिने माती ओतली आणि ती वाहून गेली नाही, बसली. त्यावर दुसरी बसली. मी पाय काढला. बोळा जागेवर राहिला.

तेव्हा मी फेसाकडे पाहिले. इतका वेळ फेस आत, कल्याणच्या बाजूला सरकत होता. आता तो जागच्या जागी उभा होता. थोडा वेळ तसाच राहिला आणि हळूच समुद्राकडे फिरला. ओहोटी लागली होती. काटकीही त्याच्यासोबत गेली. मी वर चढले, बाळाला उचलले, आणि माझे दात वाजू लागले. चैत्राच्या दुपारी. ते थांबेनात. सासू म्हणाली की अंगावर घे त्याला, दूध उतरेल न उतरेल, घे. मी घेतले.

शेतात बरेच पाणी आले होते, पण विहिरीच्या अलीकडे एक बैलगाडी उभी राहील एवढी जमीन कोरडी राहिली होती.

लोक परतले ते उन्हे कलताना. गाणी म्हणत आले, लांबून ऐकू येत होते. मग ओले शेत दिसले आणि गाणे तुटले. पुरुष धावत बांधावर आले. माझ्या नवऱ्याने बांध पाहिला, मला पाहिले, आणि मग खड्ड्याकडे पाहिले. खड्ड्यात कुदळ उभी होती. सगळ्यांना कळत होते की हा फक्त बोळा आहे, बांध आतून पोकळ आहे, आणि रात्रीचे उधाण दुपारच्या वर चढणार आहे. त्याआधी इथे पुरुषभर माती घालायला हवी. आणि शनिवारची घंटा अजून लांब होती. सगळे उभे. काहींनी डोक्यावरचे काढलेले होते, जसे मयताच्या दारात काढतात. मला वाटले, असेच उभे राहतील आणि रात्री पाणी येईल. दुपारी पाण्यात वाटली नव्हती इतकी भीती मला त्या नुसत्या उभ्या माणसांची वाटली.

सासू खड्ड्याच्या कडेला बसली होती. ती म्हणाली:

"कशाला थांबलाव? घाव मी घातलाय. आता तोच खड्डा, तीच कुदल. नवीन पाप कुटं हाय?"

एका म्हाताऱ्याने विचारले, दुसरी कुदळ आणली तर?

"तर तुजं तू बघ."

दुसरी कुदळ कोणी आणली नाही. सगळ्या पाड्याने त्या एका कुदळीने बांध घातला. एक जण दमला की दुसऱ्याच्या हातात द्यायची, खाली ठेवायची नाही. माती त्याच खड्ड्यातून, खड्डा मोठा करत करत. बाकीचे हातांनी, टोपल्यांनी, सणाच्या कपड्यांत. ज्यांनी बांधात आकडे घातले होते त्यांनीच सगळ्यात जास्त माती वाहिली, पण कोणी कोणाला बोलले नाही, कारण बोलायला सुरुवात केली असती तर कोणीच वगळता आला नसता. रात्रीचे उधाण येऊन गेले. बांध राहिला.

मी आजवर हे पुष्कळांना सांगितले आहे, आणि शिकलेली माणसे त्या एका कुदळीला हसतात. मीही हसले असते. पण त्या संध्याकाळी मी पाहिले की एका बाईने आपल्या नावावर घेतले म्हणून बाकी सगळ्यांचे हात मोकळे झाले. मोठ्या शुक्रवारी देवळात जे सांगतात ते मी त्या वर्षी देवळात न जाता पाहिले. याहून जास्त मी मुलींना सांगत नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळते.

पुढे पाद्रीबाबा आले तेव्हा सासूने पापनिवेदन केले. पाद्रीबाबांनी तिला बैलाची आणि खड्ड्याची गोष्ट सांगितली, की हे पाप नव्हेच. घरी येऊन ती म्हणाली की पाद्री चांगला माणूस आहे, पण त्याने बैल खड्ड्यातून काढला, आपण खड्डा खणला. एवढे त्याला कळत नाही. तिची समजूत कधीच पटली नाही. पुढच्या वर्षीपासून मात्र बांधात आकडा घालणाऱ्याला ती आवाजावरून ओळखून शिव्या द्यायची, आणि उपासाच्या दिवसांत आमच्या घरी चिंबोरी शिजली नाही.

पण मला सांगायचे होते ते शनिवारचे.

शनिवारी सकाळी वारा आमच्या बाजूचा होता आणि ठाण्याची घंटा ऐकू आली. बायका विहिरीवर गेल्या, पण कोणी पोहरा सोडेना. पाणी चाखायचे कोणी? रात्रभरात जमिनीतून खार विहिरीत उतरली असेल तर ते आत्ता कळणार होते, आणि आत्ताच कळायला कोणाला नको होते. उत्तरेच्या पाड्यातही असेच सकाळी कळले होते. सासूने मला विहिरीपाशी न्यायला सांगितले. बाळंतिणीने विहिरीला जायचे नसते, पण त्या दिवशी ते कोणी काढले नाही. तिने पोहरा सोडायला लावला, ओंजळ पुढे केली. मी पाणी ओतले. ते तिच्या बोटांमधून सगळे गळून गेले. पुन्हा ओतले. पुन्हा गळले. तिचे हात इतके कापत होते की ओंजळ धरेना. मी माझी ओंजळ तिच्या तोंडाला लावली तेव्हा ती प्यायली.

बायका तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. मी पोहऱ्यातले उरलेले चाखले. गोड होते.

"गोड हाय," मी मोठ्याने सांगितले, त्यांच्याच बोलीत, आणि मागे कोणीतरी रडू लागले.

सासूने माझा हात धरला आणि कानाशी तोंड आणून विचारले, "पोर श्वास घेतंय ना?"

बाळ माझ्या खांद्यावर होते. मी तिचा हात त्याच्या पाठीवर ठेवला. तेव्हा मला कळले की रात्री झोळीजवळ ती का बसून होती आणि दर थोड्या वेळाने बाळाच्या नाकाशी बोट का नेत होती. मला वाटले होते, झोप येत नाही म्हणून. आपल्या नावावर घेतले असे ती सगळ्यांना म्हणाली होती, पण देव तसे मानेल याची तिला खात्री नव्हती. खात्री नसताना तिने कुदळ मारली होती.

कल्याणच्या त्या मुलीला मी पुढच्या रविवारी प्रभूला धरून नेले त्या बागेतल्या रात्रीचे वाचायला लावले. प्रभू जिथे भुईवर पडून म्हणतो की हे टळत असेल तर टळो, आणि त्याचा घाम रक्तासारखा गळतो. वाचून झाल्यावर मी तिला विचारले की हा घाम कशाचा होता. ती म्हणाली, भीतीचा. मी म्हटले, बरोबर, पुढचे वाच. उठून तो कुठे गेला ते वाच.

बाळ जगले. त्याला आता स्वतःची मुले आहेत. सासूही पुढे पुष्कळ वर्षे जगली, आणि मोठ्या शुक्रवारी सुया गुंडाळून ठेवण्यातून तिने शेवटपर्यंत मला सूट दिली नाही.